ऑस्टेन्टेशसली म्हणजे म्हणे थाटामाटात! एका शब्दावरून एका डिक्शनरी ॲपचा रिव्ह्यू

आधीच सांगून ठेवते, रिव्ह्यू ॲपचाच आहे पण सगळा एका शब्दाभोवती फिरणारे. ज्यांना नुसते स्टार बघायचेत त्यांनी बघा आणि निघा: पाचपैकी अडीच. अडीचच का, ते सांगायला जरा वेळ लागेल.

ॲपचं नाव घेत नाही, कारण भांडण काढायचं नाहीये आणि खरं सांगायचं तर अशी ॲप ढिगाने आहेत आणि सगळ्यांचा तोंडवळा सारखाच. इंग्रजी-मराठी डिक्शनरी, रोज सकाळी एक नवीन शब्द, संध्याकाळी क्विझ, सलग इतके दिवस उघडलं म्हणून स्ट्रीक, स्ट्रीक झाली म्हणून बॅज. मी सात-आठ महिने वापरतेय. कामावर इंग्रजी मेल लिहावे लागतात, वाचता येतं बऱ्यापैकी पण लिहायला बसलं की गुड, व्हेरी गुड, नाइस याच्यापुढे गाडी जात नाही, म्हणून घेतलं.

तर एक दिवस आजचा शब्द आला ऑस्टेन्टेशसली (ostentatiously). खाली मराठी अर्थ तीन दिलेले: थाटामाटाने, दिमाखात, डामडौलाने. त्याखाली एक वाक्य, 'दे सेलिब्रेटेड ऑस्टेन्टेशसली', आणि वर एका सोनेरी मुकुटाचं चित्र. बास. मला शब्द आवडला, भरभक्कम वाटला, असा शब्द मेलमध्ये टाकला की समोरचा म्हणेल वा. आणि संधी पण लगेच आली, दुसऱ्या एका टीमने त्यांच्या प्रोजेक्टचं लाँचिंग केलं, खरंच मस्त केलं होतं, सगळे कौतुक करत होते, मी पण कौतुकाचा मेल लिहिला आणि सगळ्यांना सीसीत ठेवून ठोकून दिलं, 'युअर टीम ऑस्टेन्टेशसली सेलिब्रेटेड द लाँच'. मनात काय, तर तुमच्या टीमने लाँच अगदी दिमाखात साजरं केलं.

दहा मिनिटांत आमच्या मॅडम खुर्चीशी येऊन उभ्या.

"अगं, हे तू कौतुक केलंयस की टोमणा मारलायस?"

"कौतुकच की मॅडम. का, काय झालं?"

"तू त्यांना लिहिलंयस की तुम्ही लोकांना दिसावं म्हणून मिरवून घेतलंत. वाच परत."

मी ॲप उघडून दाखवलं, हे बघा मॅडम, दिमाखात. त्यांनी बघितलं, हसल्या आणि म्हणाल्या, "याच्यावर विसंबलीस होय." मग मी दुसरा मेल टाकला, सॉरी, मला तसं म्हणायचं नव्हतं वगैरे, आणि त्या टीमच्या लीडने उत्तरात फक्त एक स्माईली पाठवला. त्या स्माईलीचा अर्थ मला अजून लागलेला नाही आणि तो सांगणारं ॲप अजून निघालं नाहीये.

आता राग बाजूला ठेवून बघूया चूक नेमकी काय आहे, कारण गंमत म्हणजे अर्थ तसा धड खोटाही नाही. ऑस्टेन्टेशसलीत थाट आहे, भपका आहे, पैसा दिसणं आहे. पण आपल्याकडे थाटामाटात आणि दिमाखात हे शब्द कौतुकाचे आहेत हो. कार्यक्रम थाटामाटात झाला असं म्हटलं की यजमान खूश होतो. झेंडा दिमाखात फडकतो. कुणी दिमाखात पहिला नंबर काढला म्हणजे आपण त्याची पाठ थोपटतो. आणि इंग्रजीत ऑस्टेन्टेशसली म्हटलं की बोलणाऱ्याचं नाक किंचित वर गेलेलं असतं. त्यात नापसंती मुरलेली आहे, वेगळी टाकावी लागत नाही. शिकणाऱ्यांसाठीच्या ऑक्सफर्ड डिक्शनरीत ऑस्टेन्टेशस या मूळ विशेषणापुढे डिसॲप्रूव्हिंग अशी खूण असते, म्हणजे हा शब्द नावं ठेवायला वापरतात बरं का, एवढं एका शब्दात सांगून मोकळे. या ॲपमध्ये तेवढी एक खूण असती तर माझा मेल वाचला असता. मुकुटाचं चित्र काढायला वेळ होता यांना, खूण करायला नव्हता.

तीनातला डामडौल मात्र बरा आहे, त्यात थोडी नापसंती आहे. पण तो तिसऱ्या नंबरवर, आणि तिसऱ्या नंबरचं कोण वाचतं.

पण माझी खरी तक्रार ही पण नाहीये. टोन चुकला हे मॅडमनी सांगितलं म्हणून कळलं. त्यानंतर मी जिद्दीने हा शब्द जिथे दिसेल तिथे वाचायला लागले, इंग्रजी बातम्या, कथा, कुणाचे लेख, आणि लक्षात आलं की अर्ध्याअधिक ठिकाणी सोनं नाही, गाडी नाही, पार्टी नाही, काहीच नाही. 'ही ऑस्टेन्टेशसली लुक्ड ॲट हिज वॉच.' 'शी यॉन्ड ऑस्टेन्टेशसली.' घड्याळ बघतोय आणि जांभई देतेय! आता इथे ॲपचा अर्थ लावून बघा, त्याने थाटामाटाने घड्याळात पाहिलं, तिने दिमाखात जांभई दिली. मी एकटी बसून इतकी हसले.

इथेच या शब्दाची सगळी मजा आहे आणि इथेच ॲप पूर्ण गंडलंय. घड्याळ महागडं आहे असं ते वाक्य म्हणतच नाही. घड्याळ कसलंही असू द्या. तो घड्याळ वेळ बघायला बघतच नाहीये, तो घड्याळ बघतोय हे तुम्हाला दिसावं म्हणून बघतोय. मनगट जरा जास्तच वर, मान जरा जास्तच खाली, आणि मग एक सुस्कारा. बोलणाऱ्याला कळलं पाहिजे की बाबा आवर आता. जांभईचं पण तेच, खरी जांभई माणूस दाबतो, ही जांभई वाढून दिलेली असते. ऑक्सफर्डच्या लर्नर्स डिक्शनरीत कृतीबद्दलचा हा अर्थ वेगळा नंबर देऊन लिहिलाय, दुसऱ्यांच्या लक्षात यावं म्हणून उघड उघड केलेलं. ॲपमध्ये तो अर्थच नाही. नाहीच.

म्हणजे या शब्दाला पैसा लागत नाही, प्रेक्षक लागतो. बघणारा कुणी नसेल तर ऑस्टेन्टेशसली काही करताच येत नाही. बंद खोलीत एकटा माणूस हिऱ्यांचा हार घालून बसला तर तो श्रीमंत असेल, हौशी असेल, थोडा सटकलेला पण असेल, पण ऑस्टेन्टेशसली बसला असं नाही म्हणता येणार, अगदी आरशासमोर बसला तरी जरा ओढाताणच आहे. उलट चार लोकांच्या मीटिंगमध्ये एखाद्याने साधा लॅपटॉप खट्ट करून मिटला तर तिथे हा शब्द फिट्ट बसतो.

हे एकदा डोक्यात बसलं की मग याचे भलते भलते उपयोग दिसायला लागतात. ऑस्टेन्टेशसली सिंपल. साधेपणाचा पण देखावा असतो की, माझं राहणं किती साधं ते बघा, बघितलंत का, नाही बघितलंत तर परत दाखवतो. ऑस्टेन्टेशसली पोलाइट म्हणजे इतका नम्र की समोरच्याला अपमान झाल्यासारखं वाटतं. ऑस्टेन्टेशसली मॉडेस्ट. ऑस्टेन्टेशसली बिझी, हा तर प्रत्येक ऑफिसात एकेक असतोच, फोन कानाला, दोन बोटं वर करून थांब थांब. आणि मला सगळ्यात आवडलेला प्रकार म्हणजे एखादी गोष्ट न करणं सुद्धा ऑस्टेन्टेशसली होतं, 'शी वॉज ऑस्टेन्टेशसली नॉट लुकिंग ॲट हिम'. ती त्याच्याकडे बघत नव्हती, आणि बघत नाहीये हे त्याला, त्याच्या मित्रांना आणि आख्ख्या खोलीला कळेल अशा पद्धतीने बघत नव्हती. ज्यांचं कधी कुणाशी बोलणं बंद झालंय त्यांना हे वाक्य समजावून सांगायची गरज नाही.

व्याकरणाचं पण बघा, यातलं एक अक्षर ॲपवर नाही. क्रियेबरोबर येतो तेव्हा हा शब्द अनेकदा क्रियापदाच्या आधी बसतो, 'शी ऑस्टेन्टेशसली क्लोज्ड द फाइल', नंतर ठेवला तरी चालतो, पण आधी ठेवला की आपण आधी नाटक बघतो आणि मग फाइल. विशेषणाआधी आला, म्हणजे वरचे सिंपल, पोलाइट वगैरे, की त्या गुणावरच संशय घेतो, गुण आहे पण दाखवायला काढलाय. आणि अजून एक, स्वतःबद्दल हा शब्द सहसा कुणी वापरत नाही. मी ऑस्टेन्टेशसली आले असं कोण म्हणेल, चेष्टेत म्हटलं तर वेगळं. कारण हा बघणाऱ्याने दिलेला निकाल आहे. करणाऱ्याच्या मनात काय होतं ते आपल्याला दिसत नाही, आपण अंदाज बांधतो आणि शब्दातून आरोप करतो. म्हणून लिहिताना जपून. ॲपमधलं दुसरं उदाहरण, जे अजून खाली स्क्रोल केल्यावर सापडलं, ते काय होतं माहितीये, 'आय ऑस्टेन्टेशसली डेकोरेटेड माय रूम'. मी माझी खोली लोकांना दाखवायला सजवली असं छाती ठोकून सांगणारी पहिलीच व्यक्ती असेल जगातली.

आता शब्द कुठून आला ते. ॲपमध्ये 'शब्दाचं मूळ' असा टॅब आहे, तो दाबला की 'लॅटिन' एवढं एकच येतं. अरे लॅटिन तर अर्धी इंग्रजी आहे. मी इकडून तिकडून वाचून जमवलं ते असं: लॅटिनमध्ये ओस्टेन्डेरे म्हणजे दाखवणे. त्यात दोन तुकडे, ओब म्हणजे समोर आणि टेन्डेरे म्हणजे ताणणे, पसरणे. समोर ताणून धरणे, म्हणजेच दाखवणे, कापड दुकानदार कसा ताका उलगडून पुढ्यात पसरतो तसं. मग त्या ओस्टेन्डेरेचं झालं ओस्टेन्टारे, आणि हे लॅटिनमधलं पुन्हा पुन्हा करण्याचं रूप आहे. आपल्याकडे त्यासाठी वेगळं रूप लागत नाही, आपण शब्दच दोनदा म्हणतो. एकदा दाखवलं ते ओस्टेन्डेरे, दाखव दाखव दाखवलं ते ओस्टेन्टारे. त्यावरून ऑस्टेन्टेशन, मग ऑस्टेन्टेशस, त्याला एल-वाय लावला की आपला शब्द तयार. आता सांगा, हे तीन ओळीत लिहिलं असतं तर जन्मात कोण विसरलं असतं.

आणि हे टेन्डेरे परकं नाहीये बरं. संस्कृतमधला तन् धातू, म्हणजे पसरणे, आणि हे लॅटिन टेन्डेरे एकाच जुन्या मुळातले आहेत. म्हणजे आपलं ताणणं, तंतू, वितान, आणि इंग्रजीतलं टेन्शन, टेन्ट, एक्सटेन्ड ही सगळी लांबची भावंडं. टेन्शनला मराठीत ताण म्हणतात ते भाषांतर म्हणून बरोबर आहेच पण नात्याने पण बरोबर आहे, हे कळल्यावर मला उगाच आनंद झाला.

याच ओस्टेन्डेरेची दुसरी मुलगी म्हणजे ऑस्टेन्सिबली, आणि हिच्यामुळे घोटाळा वाढतो. ऑस्टेन्सिबली म्हणजे वरकरणी, दाखवायला एक कारण आणि आत दुसरंच. 'ही केम ऑस्टेन्सिबली टू रिटर्न द बुक', पुस्तक परत करायला आला असं दाखवलं, खरं काम वेगळंच होतं. म्हणजे ऑस्टेन्सिबलीत दाखवतात ते लपवण्यासाठी आणि ऑस्टेन्टेशसलीत दाखवतात ते दाखवण्यासाठीच. एकाच घरातल्या दोघी, स्वभाव उलटे. ॲपच्या सर्चमध्ये ऑस्टेन्टेशसलीचं स्पेलिंग जरा चुकलं की ते थेट ऑस्टेन्सिबलीवर नेऊन सोडतं, तुम्हाला हे म्हणायचं होतं का असं विचारत पण नाही, आणि सर्चमधून उघडणाऱ्या पूर्ण अर्थात दोन्हीकडे 'दिखाऊपणे' हा शब्द कॉमन ठेवलाय त्यामुळे आपण चुकीच्या घरात शिरलोय हे कळत पण नाही.

जाता जाता, मोरांच्या घोळक्याला इंग्रजीत ॲन ऑस्टेन्टेशन ऑफ पीकॉक्स म्हणतात. याच्यापेक्षा चांगलं चित्र या शब्दाला मिळणार नाही, पिसारा समोर ताणून धरलेला, आणि बघणारी समोर असेल तर त्याला खरा अर्थ. ॲपने मुकुट काढला.

आता क्विझ. हा भाग माझ्या सगळ्यात जास्त डोक्यात गेला. 'सारखे अर्थ जुळवा' असा खेळ आहे, त्यात ऑस्टेन्टेशसली, फ्लॅम्बॉयंटली, कॉन्स्पिक्युअसली, प्रिटेन्शसली आणि लॅव्हिशली हे पाच एकाच डब्यात टाकले की हिरवी बरोबरची खूण. पाचही सारखे! मग इंग्रजी लोकांनी पाच शब्द हौस म्हणून ठेवलेत का.

फ्लॅम्बॉयंटली घ्या. हा फ्रेंचमधून आलाय, ज्वाळांसारखं भडकणं हा मूळ अर्थ, फ्रान्समधल्या गॉथिक या मध्ययुगीन बांधकामशैलीच्या शेवटच्या काळातल्या इमारतींच्या खिडक्यांवर ज्वाळांसारखी वळणं असलेली दगडी नक्षी आहे तिला फ्लॅम्बॉयंट शैलीच म्हणतात. हा शब्द रंगाचा, जोशाचा. रंगमंचावरचा नट फ्लॅम्बॉयंटली वावरला म्हटलं तर नट खूश होईल, ऑस्टेन्टेशसली वावरला म्हटलं तर पुढच्या प्रयोगाचा पास मिळणार नाही. माझ्या त्या मेलमध्ये खरं तर हा पण नको होता, साधं इन स्टाइल चाललं असतं, पण ते असो.

कॉन्स्पिक्युअसली म्हणजे ठळक दिसेल असं. यात हेतू असेलच असं नाही. सगळे पांढऱ्या शर्टात आणि एकजण चुकून लाल घालून आला तर तो कॉन्स्पिक्युअस, बिचाऱ्याची इच्छा नसताना. एखादा माणूस न आल्यामुळे पण कॉन्स्पिक्युअस होतो, त्याची गैरहजेरी डोळ्यात भरते. हाच शब्द अर्थशास्त्रात पण गेलाय, थॉर्स्टाइन व्हेब्लेनने 1899 मध्ये कॉन्स्पिक्युअस कन्झम्प्शन अशी कल्पना मांडली, म्हणजे वस्तू गरजेपोटी नाही तर आपली पत दिसावी म्हणून विकत घेणं. आता त्यात हेतू तर शंभर टक्के ऑस्टेन्टेशसचा आहे पण नाव कॉन्स्पिक्युअसचं. मला वाटतं नाक वर न करता, शास्त्रीय आवाजात बोलायचं असेल तर तोच शब्द बरा पडतो, पण हा माझा अंदाज.

लॅव्हिशली म्हणजे हात सैल सोडून, सढळ. त्यात प्रेक्षक लागतच नाही. कुणाला न कळू देता पण लॅव्हिशली खर्च करता येतो.

आणि प्रिटेन्शसली. हा जवळचा आहे, मी पण गोंधळायचे. गंमत म्हणजे याच्या आत पण तेच टेन्डेरे बसलंय, प्रिटेन्ड म्हणजे मुळात पुढे ताणून धरणं, पडद्यासारखं. फरक असा की ऑस्टेन्टेशसली मिरवणाऱ्याकडे ती गोष्ट खरंच असू शकते, पैसा असतो, डिग्री असते, गाडी असते, तो फक्त तुमच्या डोळ्यात खुपसतो. प्रिटेन्शसली मिरवणाऱ्याकडे ती असतेच असं नाही, असली तरी एवढी नसते, तो आव आणतो. न वाचलेली पुस्तकं शेल्फवर लावून त्यांच्याबद्दल जड जड बोलणारा प्रिटेन्शस. वाचलेली पुस्तकं घेऊन प्रत्येक फोटोत ती मागे दिसतील असा कॅमेरा लावणारा ऑस्टेन्टेशस. दोन्ही करणारे पण असतात, त्यांना काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा.

आता मराठीत याला नेमकं काय म्हणायचं, हा प्रश्न ॲपवाल्यांना पडायला हवा होता, मलाच पडला. भपकेबाजपणे, हा बरा आहे पण वस्तूंना शोभतो, कपडे, गाडी, घर. बडेजाव मिरवत, हा मस्त शब्द, यात मोठेपणा पण आहे आणि नापसंती पण, पण जांभईला चालत नाही. तोऱ्यात आणि ऐटीत हे चालण्याबोलण्याला, आणि ऐटीत तर लाडाने पण म्हणतो, पोरगं नवीन बूट घालून ऐटीत चाललंय. शायनिंग मारत, हा बोलताना सगळ्यात जवळचा, यात प्रेक्षक आपोआप आहे कारण शायनिंग कुणावर तरी मारावी लागते. भाव खात, हा थोडा वेगळा, त्यात समोरच्याला ताटकळत ठेवणं आहे. अवडंबर पण आहे, त्याचं मूळ मोठं गमतीचं, संस्कृतमध्ये आडंबर म्हणजे एक प्रकारचा ढोल आणि त्याचा दणदणाट. म्हणजे लॅटिनवाल्यांनी मिरवणं डोळ्यांनी पकडलं, समोर ताणून धरलेलं, आणि संस्कृतवाल्यांनी कानांनी, आधी ढोल वाजला मग माणूस दिसला. दिमाख हा अरबीतून फारसीमार्गे आलेला, तिथे दिमाग म्हणजे मेंदू, डोकं, आपल्याकडे येईपर्यंत ते डोकं वर गेलं आणि मग हळूहळू कौतुकाचं झालं. म्हणजे माझ्या मेलमधला घोळ या शब्दाच्या वळणातच लिहिलेला होता असं म्हणा.

पण घड्याळ, जांभई, लॅपटॉप, न बघणं याला यातला एकही शब्द पुरत नाही. तिथे मला वाटतं एका शब्दाचा हट्टच सोडावा. 'सगळ्यांना दिसेल अशा बेताने त्याने घड्याळात पाहिलं.' 'दिसावी म्हणून दिलेली जांभई.' नाहीतर नुसतं 'मुद्दाम', आणि वाक्यात जागा बरोबर मिळाली तर ते एकटं पण काम भागवतं, तिने मुद्दाम त्याच्याकडे पाहिलं नाही. डिक्शनरीने एका शब्दाला एकच शब्द द्यायचा असा नियम कुठे आहे. छापील कोशात जागेची अडचण असते ते समजू शकते, ॲपला कसली अडचण, स्क्रोल तर अखंड आहे.

आणि उलटा अर्थ पण सांगायला हवा होता. अनऑस्टेन्टेशसली, म्हणजे गाजावाजा न करता, कुणाला दिसावं असा हेतू न ठेवता. हा मात्र कौतुकाचा. 'शी हेल्प्ड पीपल अनऑस्टेन्टेशसली.' नापसंतीच्या शब्दाला नकार लावला की शाबासकी तयार, अशी ही जोडी दोन्ही एकत्र दिली तर टोन आपोआप कळतो, डिसॲप्रूव्हिंगची खूण पण लागत नाही मग.

बरं, चांगलं काय आहे ते पण सांगते नाहीतर म्हणाल नुसती रडतेय. उच्चाराचा आवाज उत्तम आहे. ऑस-टेन-टे-शस-ली, पाच तुकडे आणि जोर तिसऱ्या टे वर, हे मी तिथे ऐकूनच शिकले, आधी मी पहिल्या ऑसवर जोर द्यायचे आणि मग पुढचं सगळं घसरत जायचं. हळू ऐकण्याचं बटण आहे, त्याला दहापैकी दहा. स्पेलिंगचा सराव पण चांगला, चौदा अक्षरं, त्यात टी तीन वेळा, आणि एल-वायच्या आधी सी-आय-ओ-यू-एस नाही तर टी-आय-ओ-यू-एस, इथेच बहुतेक जण घसरतात. खेळता खेळता माझ्या लक्षात आलं की या शब्दात इंग्रजीचे पाचही स्वर आहेत, ए ई आय ओ यू, वर शेवटी वाय पण आहे. म्हणजे शब्द स्वतःच सगळे दागिने घालून आलाय. हे ॲपने नाही सांगितलं, मीच शोधलं आणि मग दोन दिवस सगळ्यांना सांगत फिरले.

उजळणी पण नीट ठेवलीय. शिकलेला शब्द दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने असा वाढत्या अंतराने परत येतो. विसरणं कसं होतं यावर एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्ये स्वतःवर प्रयोग करून लिहिलं होतं, निरर्थक अक्षरगट पाठ करून किती वेळात किती विसरतो ते मोजत बसला होता, त्याच धर्तीचं हे. चालतं खरंच. फक्त अडचण अशी की अर्थच चुकीचा असेल तर तो चुकीचा अर्थ पण तितकाच पक्का बसतो. थाटामाटाने हे माझ्या डोक्यातून काढायला मला महिना गेला, कारण दर आठवड्याला ॲप येऊन विचारायचं आणि थाटामाटाने दाबल्याशिवाय पुढे जाऊ द्यायचं नाही. म्हणजे मला माहितीये हे चूक आहे, आणि स्ट्रीक तुटू नये म्हणून मी चूक उत्तर दाबतेय. किती दिवस? विचारू नका.

आणि मग ती फटाकेबाजी. एक शब्द बरोबर आला की स्क्रीनभर रंगीत कागदाचे तुकडे उडतात, तुतारीसारखा आवाज येतो, आणि वर पाटी, 'तुमची प्रगती मित्रांना दाखवा', शेअरचं बटण भलं मोठं आणि बंद करायची फुली नखाएवढी. ऑस्टेन्टेशसली हा शब्द शिकवताना हे सगळं होतं. मी म्हटलं, अर्थ सांगायची गरजच नव्हती, ॲप तो शब्द जगतच होतं. तत्त्वज्ञानात ऑस्टेन्सिव्ह डेफिनिशन म्हणून प्रकार आहे, व्याख्या न करता बोट दाखवून सांगायचं की हे बघ, याला लाल म्हणतात. हे नाव पण त्याच ओस्टेन्डेरेचं. त्या हिशोबाने या ॲपने नकळत अव्वल काम केलंय, पण त्याचे मार्क मी नाही देणार.

मग रेटिंग असं लागलं: आवाज, स्पेलिंग, उजळणी यांचे दोन, आणि अर्धा स्टार डामडौलाचा, तिसऱ्या नंबरवर का होईना पण होता. ज्याला शब्द वाचताना अडतो आणि ढोबळ अंदाज हवाय त्याने खुशाल वापरावं. ज्याला तो शब्द लिहायचाय, त्यातून सीसी करून, त्याने आधी शिकणाऱ्यांसाठीची इंग्रजी-इंग्रजी डिक्शनरी उघडावी, पुढे काही खूण आहे का ते बघावं, दोन-तीन खरी वाक्यं वाचावी, मग लिहावं. मी आता तसंच करते. हळू होतं काम पण सॉरीचा दुसरा मेल लिहावा लागत नाही.

अपडेट: हे लिहिण्याआधी मी ॲपमध्ये 'चूक कळवा' वर जाऊन सगळं लिहिलं होतं, टोन, जांभई, घड्याळ, आय ऑस्टेन्टेशसली वालं वाक्य, सगळं. काल रात्री उत्तर आलं. अर्थात 'दिखाऊपणे' वर आणलाय, थाटामाटाने चौथ्यावर ढकललाय, जांभई अजून नाही. आणि मला एक बॅज मिळाला, भाषाप्रेमी नावाचा, सोनेरी, वर तोच मुकुट, कागदाचे तुकडे उडाले, तुतारी वाजली, मित्रांना दाखवा. मी एक लांबलचक जांभई दिली आणि फोन पालथा टाकला. खोलीत कुणीच नव्हतं, त्यामुळे कशी दिली त्याला शब्द नाही.